मेथीच्या अर्काची कॅप्सूल आणि शुगरची गोळी

नागपूरच्या मानेवाड्याहून एका भाऊंनी विचारलं आहे. वय ५४, आठ वर्षांपासून शुगर, दोन वेळा मेटफॉर्मिन आणि सकाळी ग्लिमेपिराइडची एक गोळी. तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी (एचबीए१सी) ७.९. पुतण्याने पुण्याहून मेथीच्या बियांच्या अर्काची बाटली पाठवली: ६० कॅप्सूल, किंमत साडेअकराशे, वर लिहिलंय '५०० मिलिग्रॅम, ५० टक्के सॅपोनिन'. याने शुगर उतरते का? उतरली तर गोळ्या सोडता येतील का? आणि जाता जाता, 'घरची मंडळी रोज पहाटे थायरॉइडच्या गोळीबरोबर मेथ्यांचं पाणी घेते, चालतं ना?'

भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तेवढी एक गोष्ट उद्या सकाळीच बदलायची आहे. थायरॉइडची गोळी घ्यायची ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. मेथ्या रात्रभर भिजल्या की जो बुळबुळीत चिकटा सुटतो, तो पोटात गोळीच्या आड येतो आणि गोळी पूर्ण शोषली जात नाही. मग रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारा आकडा) वाढलेला येतो, डॉक्टर गोळीची मात्रा वाढवतो, आणि मुळात गोळी कमी पडतच नव्हती हे कुणाच्या लक्षातही येत नाही. वहिनींना सांगा, पहाटे फक्त गोळी, मेथ्या संध्याकाळी. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. पाणी सोडायला सांगत नाहीये, वेळ बदलायला सांगतोय.

हा चिकटा लक्षात ठेवा. तुमच्या बाटलीबद्दल जे सांगायचंय ते सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

मेथी शुगरला चांगली, हे नुसतं आजीबाईचं ज्ञान राहिलेलं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत या विषयावर चांगलं काम झालं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाइप १, म्हणजे बहुधा लहानपणापासूनच इन्सुलिन लागतं त्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांना चरबी काढलेली मेथीची पूड जेवणातून दहा दिवस दिली. उपाशीपोटीची साखर उतरली आणि चोवीस तासांत लघवीवाटे जाणारी साखर ५४ टक्क्यांनी कमी झाली. ऐकायला फार छान वाटतं. आता मात्रा ऐका: दिवसाला १०० ग्रॅम. म्हणजे दोन वेळा मिळून अर्धी-पाऊण वाटीच्या वर कडू पूड. पेशंट इस्पितळात असतो तेव्हा हे जमतं. घरी मी कुणाला सांगितलं तर तो दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलेल.

दुसरा अभ्यास जास्त कामाचा आहे, तोही हैदराबादचाच, २०१५ साली छापलेला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची १४० माणसं. त्यातल्या एका गटाला तीन वर्षं रोज १० ग्रॅम मेथीपूड, पाच-पाच ग्रॅम जेवणाआधी. तीन वर्षांनी बघितलं तर मेथी न घेणाऱ्यांना पूर्ण मधुमेह होण्याची शक्यता घेणाऱ्यांच्या ४.२ पट निघाली. अभ्यास फार मोठा नाही, एकट्या त्याच्यावर मी इमला उभा करणार नाही. पण १० ग्रॅम म्हणजे जेमतेम अडीच चहाचे चमचे, आणि ते कोणत्याही घरात शक्य आहे. माझे जे पेशंट उंबरठ्यावर आहेत त्यांना मी हे बिनदिक्कत सांगतो.

मेथी हे करते कशी? दाण्याचा मोठा भाग तंतूंचा असतो. त्यात गॅलॅक्टोमॅनन नावाचा डिंक असतो. पाणी लागलं की तो फुगतो, घट्ट होतो. पोटातलं अन्न त्यात गुरफटतं, जठरातून हळूहळू पुढे सरकतं, आणि पोळीभातातली साखर रक्तात एकदम उसळी न मारता सावकाश उतरते. पित्ताम्लंही हाच डिंक धरून ठेवतो, म्हणून कोलेस्टेरॉलवर थोडाफार परिणाम दिसतो. थोडक्यात, वहिनींच्या थायरॉइडच्या गोळीला जो आडवा येतो तोच जेवणातल्या साखरेलाही आडवा येतो. एकाच कामाची ही चांगली आणि वाईट बाजू.

आता तुमची बाटली. अर्क काढताना बहुतेक ठिकाणी मेथ्या भरडतात, अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणात मुरवतात, गाळतात आणि गाळलेलं द्रव आटवून पूड करतात. अल्कोहोलमध्ये डिंक विरघळत नाही. तो चोथ्यात राहतो. द्रवात उतरतात ती सॅपोनिनं, ट्रायगोनेलिन आणि ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसिन नावाचं एक अमिनो आम्ल. म्हणजे ज्या भागामुळे हैदराबादच्या लोकांना फायदा झाला असं मानायला सर्वांत भक्कम आधार आहे, तो भाग गाळणीवर राहिला आणि उरलेलं तुमच्या कॅप्सूलमध्ये आलं. समजा डिंक आला असता, तरी ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये तो मावणार किती? चिमूटभर. बाटलीच्या खोक्यावर मात्र 'संशोधनाने सिद्ध' असं लिहिताना आधार घेतला जातो तो अख्ख्या मेथ्यांवरच्या संशोधनाचा. माझा खरा आक्षेप इथे आहे. तुपाचे गुण सांगून ताक विकण्यासारखं आहे हे. ताक वाईट नसतं, पण ते तूप नव्हे.

अर्काच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ते जे अमिनो आम्ल म्हटलं, त्यावर १९९८ साली काम प्रसिद्ध झालं. उंदरांच्या आणि माणसांच्या स्वादुपिंडातल्या पेशींवर ते टाकलं तर साखर जास्त असताना त्या पेशी जास्त इन्सुलिन सोडतात, असं दिसलं. कल्पना सुंदर आहे. पण काचेच्या बशीतल्या पेशी आणि मानेवाड्यातला ५४ वर्षांचा माणूस यांच्यात बरंच अंतर असतं.

माणसांवरचा अर्काचा एक नीट आखलेला अभ्यास जयपूरचा आहे, २००१ सालचा. नव्याने मधुमेह निघालेले २५ रुग्ण. १२ जणांना रोज एक ग्रॅम अर्क, म्हणजे तुमच्या दोन कॅप्सूलएवढा, आणि १३ जणांना तशाच दिसणाऱ्या पण रिकाम्या कॅप्सूल, सोबत पथ्य आणि व्यायाम. दोन महिने. अर्कवाल्यांची उपाशीपोटीची साखर सरासरी १४८ वरून १२० वर आली. बघा, याच आकड्यावर माणूस उडी मारतो! पण रिकाम्या कॅप्सूलवाल्यांची सुमारे १३७ वरून ११३ वर आली. म्हणजे उतार जवळजवळ सारखाच. तो पथ्याचा आणि चालण्याचा होता. मात्र अर्क घेणाऱ्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरलं, चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढलं. त्यामुळे 'अर्कात काहीच दम नाही' असं मी म्हणणार नाही. २५ माणसं आणि दोन महिने एवढ्यावर साडेअकराशे रुपये खर्च करा असंही म्हणणार नाही.

तुमच्या ओळखीत कुणी सांगेल, 'मी कॅप्सूल सुरू केली आणि शुगर तीस पॉइंट उतरली.' तो खोटं बोलत नाही. बाटली घरात आली की माणूस सावध होतो, सकाळी अंबाझरीला एक चक्कर जास्त मारतो, लग्नाच्या पंगतीत दुसरी जिलेबी नको म्हणतो. जयपूरच्या त्या तेरा जणांचंही असंच झालं असणार.

गोळ्या सोडण्याचं म्हणाल तर नाही. ७.९ वर गोळ्या सोडायच्या नसतात, आणि उद्या ६.८ आली तरी त्या गोळ्यांसहित आलेली असेल. कमी करता येतात, बंदही होतात काहींच्या, पण मोजून, एकेक करून, तुमच्या डॉक्टरला विचारून.

तुमच्या बाबतीत मला उलट बाजूची काळजी जास्त आहे. मेटफॉर्मिन सहसा एकटी असताना शुगर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. तुम्ही जेवलात की नाही, हे ती गोळी विचारत नाही, स्वादुपिंडाला चाबूक मारते आणि इन्सुलिन काढून घेते. त्यावर शुगर उतरवणारं दुसरं काहीही घातलं की फटका बसायची वेळ येऊ शकते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, पारा ४५च्या वर असताना, इतवारी भागातल्या साठीच्या एका शिंपीकाकांना त्यांच्या मुलीने पहाटे माझ्याकडे आणलं. अंग घामाने चिंब, काहीबाही बोलत होते. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. बोटाला सुई टोचली तर शुगर ४१. ग्लिमेपिराइड चालू होती, त्यात एका परिचिताने दिलेल्या कॅप्सूल आणि 'शुगरची पुडी' अशा दोन्ही गोष्टी, आणि आदल्या रात्री उकाड्याने जेवण गेलं नाही म्हणून नुसतं ताक पिऊन झोपलेले. सलाइनमधून ग्लुकोज गेलं आणि दहा मिनिटांत काका उठून बसले. पहिलं वाक्य काय? 'म्हणजे औषध लागू पडलं म्हणायचं!' मी हसलो, मुलगी रडत होती. त्या पुडीत काय होतं, कुणी तपासलं नाही. पण जडीबुटीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या शुगरच्या औषधांत न सांगता ग्लिबेनक्लामाइडसारखी ॲलोपॅथीची औषधं मिसळलेली जगभरात अनेकदा सापडली आहेत. एखादी पुडी तीन दिवसांत चमत्कार दाखवत असेल तर मला आनंद होत नाही, संशय येतो.

म्हणून लक्षणं पाठ असू द्या: दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, अचानक कडकडीत भूक, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची आणि मग काहीतरी खायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. श्रावणात सोमवार धरत असाल तर ग्लिमेपिराइडचं काय करायचं हे उपासाच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरला विचारा. उपासाच्या दिवशी संध्याकाळी विचारून उपयोग नसतो.

बाटलीवरच्या बाकी दाव्यांवर थोडक्यात. पुरुषी संप्रेरक वाढतं म्हणून हाच अर्क जिममधल्या पोरांना विकतात. त्यावरचे अभ्यास लहान, निकाल एकमेकांशी न जुळणारे, आणि बऱ्याच ठिकाणी पैसा अर्क बनवणाऱ्यांचाच. बाळंतिणीला दूध येतं म्हणतात. काही अभ्यासांत थोडा फायदा दिसतो, काहींत नाही. आपल्याकडे बाळंतिणीला मेथीचे लाडू देतात, त्यात तूप, गूळ, डिंक, खोबरं सगळं असतं, आणि त्या दिवसांत तिला पोटभर खाऊ घालणारं माणूस घरात असतं याचाही वाटा असणार. गरोदरपणात मात्र मेथीच्या अर्काच्या कॅप्सूल घ्यायच्या नाहीत. गर्भाशय आकुंचन पावण्याची शक्यता असते. फोडणीतल्या चार मेथ्यांनी काही होत नाही, घाबरू नका.

घाम आणि लघवीला पाकासारखा गोडसर वास येऊ लागला तर दचकू नका. मेथीतल्या सोटोलोन नावाच्या द्रव्याचा तो वास. बाळंतपणाच्या आधी आईने भरपूर मेथी खाल्ली आणि बाळाच्या लंगोटाला तसा वास आला, म्हणून एका दुर्मीळ आजाराच्या शंकेने बाळाच्या तपासण्या झाल्याची उदाहरणं आहेत.

रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिन चालू असलेल्यांनी अर्क घेऊ नये. मेथी असलेलं मिश्रण घेतल्यावर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) वाढल्याची नोंद झालेली आहे. ऑपरेशन ठरलं असेल तर पंधरा दिवस आधी बंद करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला आवर्जून सांगा. शेंगदाणा किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असेल तर मेथीनेही त्रास होऊ शकतो, सगळी एकाच कुळातली पिकं.

तरीही घ्यायचीच असेल, पुतण्याचं मन मोडवत नसेल, तर बाटली उलटी करा. पुढच्या बाजूला जाहिरात असते, माहिती मागे असते. चौदा आकडी एफएसएसएआय (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक आहे का बघा. असेल तर ते कायद्याने अन्नपूरक आहे, औषध नाही, आणि 'औषधी वापरासाठी नाही' असं त्यावर लिहावंच लागतं. बहुधा मुंगीच्या अक्षरात असेल. भिंग घ्या. आणि त्याच बाटलीवर किंवा सोबतच्या पत्रकावर 'मधुमेह मुळापासून बरा' असं असेल तर ते १९५४च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याच्या विरोधात जातं. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला तो कायदा मनाई करतो, त्यात मधुमेह आहे. असला दावा दिसला की मी ती बाटली ठेवून देतो, आत काय आहे हे बघतही नाही. '१०:१' असं लिहिलेलं असेल तर अर्थ एवढाच की दहा किलो दाण्यांतून एक किलो अर्क निघाला. दहापट ताकद असा त्याचा अर्थ होत नाही.

माझं ऐकाल तर ते साडेअकराशे रुपये शुगर मोजायच्या पट्ट्यांवर घाला आणि इतवारीतल्या किराणा ओळीतून अर्धा किलो मेथ्या आणा. पहिल्या आठवड्यात अर्धाच चमचा. मेटफॉर्मिनने आधीच पोटात गॅस होतो, त्यात एकदम दोन चमचे मेथ्या घातल्यात तर ऑफिसात बसणं कठीण होईल. हळूहळू वाढवत दोन-अडीच चमच्यांवर या, दोन जेवणांत वाटून. रात्री भिजवलेल्या मेथ्या नुसत्या पाण्यापुरत्या वापरू नका. पाणी पिऊन दाणे फेकणारे खूप भेटतात, मला त्यांचं नवल वाटतं, खरा माल तर ते कुंडीत टाकतात. दाणे चावून खा.

कडू लागतात, मान्य. मग दळून कणकेत मिसळा, किंवा मोड आणून उसळ करा, ओलं खोबरं घालून, मोडांमुळे कडवटपणा बराच मरतो. गुळाचा खडा मात्र हळू हाताने, नाहीतर उसळीच्या नावाखाली गूळच जायचा. मेथकूट भाताला लावून 'मी मेथी खातो' म्हणाल तर ते धरणार नाही, त्यात डाळीच जास्त, मेथी नावापुरती. आणि कोरडी पूड कधी फक्की मारून गिळायची नाही. ती घशात फुगते. भरपूर पाणी हवंच, नागपूरच्या उन्हाळ्यात तर दुप्पट. जुलाब सुरू झाले तर त्या दिवसापुरतं थांबा, विशेषतः बीपीच्या गोळ्या चालू असतील तर.

तुम्हाला स्वतःला काय लागू पडतं हे घरच्या घरी बघता येतं. रविवारची सकाळ घ्या. एक प्लेट पोहे, तर्री, त्यावर चणे, नेहमीएवढेच. पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी शुगर मोजा, लिहून ठेवा. पुढच्या रविवारी तेच पोहे, तेवढेच, त्याच वेळी, पण आधी एक चमचा भिजवलेल्या मेथ्या चावून. पुन्हा मोजा. तिसऱ्या रविवारी त्याऐवजी कॅप्सूल. असे दोन फेरे करा, कारण घरचं मशीन १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतं, एका आकड्यावर विसंबू नका. १८० आणि १७० यांत फरक नाही असंच समजा. २२० आणि १७० असेल आणि दोन्ही वेळा तसंच आलं तर फरक आहे. गोळ्या या सहाही रविवारी नेहमीप्रमाणे घ्यायच्या, आणि ७०च्या खाली आकडा दिसला तर प्रयोग तिथेच थांबवून साखरपाणी घ्यायचं. मेथ्यांनी दीड-दोन महिन्यांत साखर खाली सरकू लागली तर ग्लिमेपिराइडची मात्रा कमी करायची वेळ आली असेल. ती वही आणि बाटली दोन्ही घेऊन तुमच्या डॉक्टरकडे जा. बाटली लपवून ठेवू नका, रागावले तरी चालेल.